ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात कोणकोण नामवंत शिकले? आणि त्याला वेल्श लोकांचं कॉलेज का म्हणतात?

पहिली दोन नावं कुणालाही विचारलीत तरी मिळतील: लॉरेन्स ऑफ अरेबिया, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या अरब उठावात गाजलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स, आणि ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन. पण तुम्ही वेल्सबद्दलही विचारलंय, आणि तिथेच या दोन नावांची पंचाईत होते. विल्सन यॉर्कशरचे. लॉरेन्स वेल्समध्ये जन्मला खरा, पण तिथे टिकला नाही. त्यामुळे मी जरा उलट्या बाजूने सुरुवात करते.

कॉलेज १५७१ सालचं. कागदोपत्री संस्थापक पहिली एलिझाबेथ राणी, धडपड मात्र ह्यू प्राइस या वेल्समधल्या ब्रेकन गावच्या पाद्र्याची. वेल्समध्ये तेव्हा विद्यापीठ नव्हतं. शिकायचं तर सीमा ओलांडून इंग्लंडात यावं लागे, आणि आल्यावर आपली माणसं भेटतील अशी जागा म्हणजे जीझस. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जिल्ह्याच्या किंवा समाजाच्या नावाने विद्यार्थी वसतिगृहं निघाली, त्यातलाच हा प्रकार समजा. पुढे वेल्श दात्यांनी जमिनी आणि देणग्या दिल्या, त्यातून खास वेल्श मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि ओळख पक्की झाली.

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी होते, म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव एडवर्ड लॉइडचं. तो १६८२ मध्ये जीझसला आला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. कारण शेजारीच नवं अ‍ॅश्मोलियन म्युझियम उघडलं होतं आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे. आधी तिथे मदतनीस, मग प्रमुख. दगडांत सापडणारे जीवाश्म, डोंगरावरची झाडं, जुने शिलालेख, बोलीतले शब्द, याला सगळ्याचंच वेड. १६९६ मध्ये त्याने छापील प्रश्नावली काढून वेल्सच्या गावोगावी पाठवली: तुमच्याकडे कोणते अवशेष आहेत, कोणत्या चालीरीती, कोणते शब्द? मग स्वतःच निघाला. १६९७ ते १७०१ अशी चार वर्षं वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल करत फ्रान्समधल्या ब्रिटनीपर्यंत पोचला. तिथे हेर समजून त्याला पकडलं. परका माणूस येतो आणि घरोघरी शब्द विचारत फिरतो, यावर कोण विश्वास ठेवणार? क्षेत्रकार्य केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल, तुरुंग सोडून.

या पायपिटीतून १७०७ साली जो ग्रंथ आला, त्यात वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश या भाषा एकाच घरातल्या आहेत हे शब्द समोरासमोर मांडून दाखवलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे तिथले इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स कलकत्त्यात बोलले ते १७८६ मध्ये. म्हणजे लॉइड जवळजवळ ऐंशी वर्षं आधीचा, जरी त्याचा आवाका लहान होता. (जोन्स यांचे वडीलही वेल्श, म्हणून त्यांना जीझसच्या यादीत घालण्याचा मोह होतो. ते ऑक्सफर्डचेच, पण युनिव्हर्सिटी कॉलेजचे.)

दुसरं नाव जॉन मॉरिस-जोन्स. वेल्समधल्या अँगलसी बेटावरचा हा मुलगा १८८३ मध्ये आला तो गणित शिकायला, आणि पदवी मिळाली तिसऱ्या वर्गात. पण सेल्टिकचे, म्हणजे वेल्श-आयरिश या भाषाघराण्याचे, प्राध्यापक जॉन र्‍हीस यांची व्याख्यानं ऐकता ऐकता तो वेल्शकडे वळला. ऑक्सफर्डमधल्या मोजक्या वेल्श मित्रांनी १८८६ मध्ये एक मंडळ काढलं. जमायचं आणि वेल्शचं लेखन कसं असावं यावर वाद घालायचा. मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घाच्या मारामाऱ्या नव्या नाहीत, तेव्हा त्या बैठका कशा रंगत असतील याचा अंदाज येईल. फरक इतकाच, की या गटातल्या माणसाने पुढे ते काम तडीला नेलं. मॉरिस-जोन्स वेल्समधल्या बँगोरला वेल्शचे प्राध्यापक झाले, १९१३ मध्ये त्यांचं मोठं व्याकरण छापून आलं, आणि आजच्या प्रमाण वेल्श लेखनावर त्यांची छाप आहे.

आता लॉरेन्स. ट्रेमाडॉग या वेल्श गावात १८८८ साली जन्म. कुटुंबाने तो तान्हा असतानाच गाव सोडलं आणि शेवटी ऑक्सफर्डमध्येच घर केलं. पण जन्म वेल्समधला, त्यामुळे १९०७ मध्ये वेल्श मुलांसाठीची मेरिक शिष्यवृत्ती त्याला मिळू शकली. दाखल्यावरच्या जन्मगावाचा असा उपयोग आपल्यालाही माहीत आहेच! अभ्यासासाठी फ्रान्समधले किल्ले सायकलवरून आणि सीरियातले पायी हिंडून त्याने क्रूसेडरांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, किल्ल्यांवर प्रबंध लिहिला आणि १९१० मध्ये इतिहासात पहिला वर्ग मिळवला. अरबस्तानातली पुढची कथा तुम्हाला ठाऊक असेल. पुढे तो नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई म्हणून कराचीला होता, आणि जानेवारी १९२९ मध्ये मायदेशी परतला तो मुंबई बंदरातून.

विल्सन १९३४ ते ३७ मध्ये इथे होते. वेल्सशी रक्ताचं नातं नाही, पण वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रिपद १९६४ मध्ये त्यांच्याच सरकारने निर्माण केलं आणि वेल्श भाषेचा १९६७ चा कायदाही त्यांच्याच काळातला. मला तरी हे नातं लॉरेन्सच्या जन्मगावापेक्षा खरं वाटतं.

ज्यांचा वेल्सशी काहीच संबंध नाही अशी दोन नावं मात्र सोडवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातले पिक्स्ली सेमे इथे कायदा शिकून गेले आणि १९१२ मध्ये जी संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली, तिच्या स्थापनेत पुढे होते. जमैकाचे नॉर्मन मॅन्ली १९१४ मध्ये आले, मध्येच महायुद्धात तोफखान्यात लढले, परतून कायदा पूर्ण केला, आणि १९३८ मध्ये आपल्या देशात पक्ष काढला.

स्त्रियांना प्रवेश १९७४ पासून, म्हणून वर एकही बाई नाही.

कॉलेजात चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं एक प्रचंड भांडंही आहे. १७३२ मध्ये एका वेल्श सरदाराने दिलेलं. त्यात दहा गॅलन, म्हणजे पंचेचाळीस लिटर ‘पंच’ नावाचं मद्यपेय मावतं. ज्याला त्याला दोन्ही हातांचा विळखा घालता येईल आणि मग भरलेलं भांडं पिऊन रिकामं करता येईल, त्याने ते घरी न्यावं, अशी जुनी पैज सांगतात. भांडं अजून कॉलेजकडेच आहे.