मित्रांसोबत बेसबॉलची एक रात्र

प्रश्न : नोकरीनिमित्त मी नुकतीच अमेरिकेत, डरहॅमला आले आहे. सहकारी मला शुक्रवारी रात्री मायनर लीगचा बेसबॉल सामना पाहायला बोलावत आहेत, पण मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. जावे का?

उत्तर : अवश्य जावे. मायनर लीग म्हणजे मेजर लीग या बेसबॉलच्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेतल्या ३० संघांसाठी खेळाडू घडवणारी तालीम. २०२१पासून तिच्यात १२० संघ आहेत. तुमच्या शहरातला डरहॅम बुल्स हा टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाशी संलग्न संघ ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पायरीवर खेळतो. त्यामुळे आज समोर दिसणारा तरुण गोलंदाज, ज्याला तिथे पिचर म्हणतात, पुढच्या आठवड्यात मेजर लीगमध्ये दिसू शकतो.

नियमांचे दडपण नको. तीन गडी बाद झाले की संघांची पाळी पालटते; दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक डाव, आणि असे नऊ डाव होतात. क्रिकेटच्या डोळ्यांना एकच गोष्ट खटकेल : बॅटला लागून फलंदाजाच्या मागे गेलेला चेंडू येथे फाऊल ठरतो, त्यावर धाव मिळत नाही. असा चेंडू वेगाने प्रेक्षकांतही येतो, म्हणून प्रेक्षकांसाठीच्या संरक्षक जाळीबाहेर बसल्यास गप्पांच्या ओघातही फलंदाजावरची नजर हटू देऊ नका. मात्र हाती आलेला चेंडू तुमचाच होतो.

शक्य असल्यास पुढच्या रांगेत बसा. कॅचरच्या, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूच्या, जाड हातमोज्यात चेंडू थडकल्याचा खणखणीत आवाज दूरचित्रवाणीवर कधीच तसा ऐकू येत नाही. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उठून गाऊ लागतील, तेव्हा तुम्हीही निःसंकोच उभ्या राहा.