पुस्तक कपाटात आहे, पण संगणकाला सापडत नाही

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपाल या सदरातून वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतात. या वेळी पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संगणकीकरण झाले आणि तालिकापत्रांचे (पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे) लाकडी खण काढून टाकले. आता एखाद्या जुन्या पुस्तकाचे नाव टंकले की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते. पुस्तक मात्र कपाटात समोर दिसत असते. असे का होते? (एक वाचक, सांगली जिल्हा)

संगणक शब्दाचा अर्थ ओळखत नाही. तो अक्षरांचे संकेतांक एकमेकांशी ताडून पाहतो. नोंद ज्या अक्षरांनी झाली आणि आपण जी अक्षरे टंकली, त्यांत एका अनुस्वाराचा फरक असला तरी पुष्कळ प्रणाली हात टेकतात. मराठीत असे फरक ठायी ठायी आहेत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले आणि ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ यांवरील अनुस्वार गेले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला. पुस्तकाच्या आतल्या पानावर नाव जसे छापले असेल तसेच नोंदवावे, हा तालिकीकरणाचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे १९४० सालच्या पुस्तकाची नोंद जुन्या लेखनातच असते, तर आजचा वाचक नव्या लेखनात शोध घेतो.

दुसरे कारण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांक पद्धतीत, दोन प्रकारांनी लिहिता येते : एकदा नुक्ता (खालचा टिंब) असलेल्या स्वतंत्र ‘ऱ’ने, आणि एकदा साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ज्या ग्रंथालयांनी युनिकोड रुळण्यापूर्वीच नोंदी करून घेतल्या, त्यांची अडचण याहून मोठी आहे. त्या काळच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि नवी प्रणाली आल्यावर या नोंदी रूपांतरित कराव्या लागल्या. त्या रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटली, रफार भलत्याच अक्षरावर गेला आणि अशा नोंदी पुन्हा कोणी वाचून पाहिल्या नाहीत.

मला सर्वांत अधिक खंत वाटते ती ‘पाहा’ या नोंदींची. जुन्या खणांत ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश’ असे एक तालिकापत्र असे, ‘बाळकराम’चे आणखी एक असे; ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर’ एकमेकांकडे बोट दाखवीत. संगणकीकरणाच्या घाईत बहुतेक ठिकाणी दाखल नोंदवहीवरून, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या क्रमवार वहीवरून, पुस्तके टंकली गेली आणि या नोंदी मागे राहिल्या, कारण दाखल नोंदवहीत त्या नसतातच. ती तालिकापत्रे ज्या ग्रंथपालांनी एकेक करून हाताने लिहिली, त्यांनी वाचकाचा वेळ वाचवण्याचे व्रत पाळले होते. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र हेच सांगते.

तूर्त आपण एवढे करू शकता : पूर्ण नाव न टंकता त्यातील एकच, अनुस्वार आणि जोडाक्षर नसलेला शब्द टंकावा, न सापडल्यास लेखकाच्या आडनावाने आणि मग टोपणनावाने शोधावे, तरीही न सापडल्यास देवघेव कक्षात तोंडी विचारावे. पुस्तक कपाटात मिळाले, तर चुकीची नोंद कोणती ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. आणि वार्षिक सभेत एक मागणी अवश्य करावी. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही प्रणाली विनामूल्य मिळते, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही उपलब्ध आहे. प्रणाली विकत घेण्याचा खर्च असा वाचत असेल, तर तो पैसा नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी राखून ठेवावा. संगणकासाठी निधी मंजूर होतो आणि तपासणीसाठी होत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहते आणि ते मला मुळीच पटत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने प्रकल्पासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला संदर्भग्रंथ विचारले. त्याने लेखक, प्रकाशक व वर्षासह यादी दिली. ग्रंथालयात त्यांतील निम्मी पुस्तके ‘आमच्याकडे नाहीत’ असे सांगितले गेले. ग्रंथालये इतकी मागे का आहेत? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

ती पुस्तके बहुधा कोणत्याच ग्रंथालयात नसतील, कारण ती लिहिलीच गेलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. ही ॲप्स शब्दांमागून शब्द कोणते येणे संभवते याच्या अंदाजाने वाक्य जुळवतात. त्यामुळे खऱ्या लेखकाच्या नावापुढे त्याने कधीही न लिहिलेले, पण त्याला शोभेल असे शीर्षक सहज उमटते. असे ग्रंथ मागणारे विद्यार्थी माझ्याकडेही येतात. त्यांच्याशी बोलताना मी कधीही हसत नाही, कारण यादी इतकी नीटस असते की तिच्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

पुस्तक आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत जुनीच आहे : ते कोणीतरी हाती घेऊन नोंदवलेले असले पाहिजे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी अपार कष्टाने तयार केली आणि ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. आजही एखाद्या जुन्या पुस्तकाविषयी शंका आली की आम्ही तिच्याकडे वळतो. अलीकडच्या पुस्तकांसाठी दोन-तीन मोठ्या ग्रंथालयांच्या सूची आणि प्रकाशकाची यादी पाहावी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिला असेल, तर २००७ पासूनच्या पुस्तकांवर तो तेरा अंकी असतो आणि भारतीय पुस्तकांत ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ येतात, हेही मुलाला तपासायला शिकवावे. ॲप वापरू नकोस असे त्याला सांगू नये. विषयाची रूपरेषा समजून घ्यायला ते उपयोगी पडते. ग्रंथांची नावे मात्र सूचीतूनच घ्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती काय वाचते हे पाहण्यासाठी मी ग्रंथपालांकडे तिने नेलेल्या पुस्तकांची यादी मागितली. त्यांनी नम्रपणे नकार दिला. वर्गणी मी भरते. मग हा माझा अधिकार नाही का? (एक माता, नागपूर)

आपली काळजी मला समजते, कारण माझी मुलगीही याच वयाची आहे. तरीही त्या ग्रंथपालांचे वागणे मला योग्य वाटते. वाचकाने काय वाचले ते गुप्त ठेवावे, ही आमच्या व्यवसायातील जुनी निष्ठा आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने ती १९३९ सालच्या आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवली आणि अन्यत्रही ग्रंथपाल ती मानतात.

आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत चालत असलेल्या ब्राउन पद्धतीत हे आपोआप साधत असे. पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या खिशासारख्या तिकिटात घालून ठेवायचे आणि पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हाती. त्यानंतर कोणी काय नेले होते याची खूण उरत नसे. संगणकाने ही विस्मृती काढून घेतली. तो प्रत्येक देवघेव जपून ठेवतो, आणि म्हणून ती यादी मागण्याचा विचार मनात येतो. पूर्वी तो कोणाच्या मनात आला असता तरी देण्यासारखे काहीच नसते. कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकांचा इतिहास वाचकाच्या नावापासून वेगळा करण्याची सोय आहे. प्रत्येक ग्रंथालयाने ती सुरू करावी आणि सभासदांना तसे कळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ ग्रंथपाल बदलला म्हणून कोणाचे वाचन उघडे पडता कामा नये.

पंधराव्या वर्षी मुले जे प्रश्न घरात विचारू शकत नाहीत, ते पुस्तकांना विचारतात. शरीराविषयी, धर्माविषयी, आईवडिलांच्या भांडणाविषयीसुद्धा. ती यादी आपल्या हाती जाते हे मुलीला कळले, तर ती वाचणे थांबवील किंवा फोनवर वाचील, आणि तेथे तिला चांगले पुस्तक सुचवणारे कोणी नसेल. आमच्या घरी मी एवढेच करते की मी स्वतः वाचत असलेले पुस्तक जेवणाच्या टेबलावर राहू देते आणि त्याविषयी बोलते. मुलगी कधी बोलते, कधी बोलत नाही. तिच्या दप्तरातले पुस्तक मी पाहत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे. बारीक टाइप वाचवत नाही म्हणून तिने वाचन सोडले. तिला टॅब घेऊन द्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

आधी नेत्रतज्ज्ञांकडून मोतीबिंदू आणि दृष्टिपटल तपासून घ्यावे. ते झाले असेल तर टॅब जरूर घ्यावा. आमच्या सासूबाईंसाठी आम्ही तो घेतला आहे. पुस्तक निवडताना मात्र एक गोष्ट पाहावी. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान हे एक छायाचित्र असते. ते मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला बोटाने पान सरकवावे लागते. ई-पब स्वरूपातील पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. टॅब हातात जड होतो, म्हणून ठेवायला तिरकी घडवंची द्यावी. ऐकण्याची पुस्तकेही आता मराठीत मिळतात, पण सासूबाईंना ती रुचली नाहीत, कारण निवेदक त्यांच्यासाठी थांबत नाही. संध्याकाळी घरातले कोणीतरी त्यांना वाचून दाखवते, तेव्हा त्या मध्येच थांबवून लेखकाशी वाद घालतात आणि आम्हाला त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी कळतात. आपल्याला शक्य असेल तर हाही मार्ग ठेवावा.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांची सुमारे आठशे पुस्तके घरात आहेत. ग्रंथालयाने ती घेण्यास नकार दिला. स्कॅन करून सर्वांना पाठवावी का? (एक वाचक, डोंबिवली)

नकाराचे वाईट वाटून घेऊ नये. अशा संग्रहातील बरीचशी पुस्तके ग्रंथालयात आधीच असतात, जागा कमी असते, आणि एका पुस्तकातून आलेली कसर किंवा वाळवी संपूर्ण कपाट खाऊ शकते. आपण सरसकट संग्रह देऊ करण्याऐवजी लेखक, शीर्षक, आवृत्तीचे वर्ष आणि अवस्था यांची यादी करून पाठवली, तर ग्रंथपाल निवड करू शकतात. वडिलांच्या कपाटातील खरे मोल बहुधा कादंबऱ्यांत नसते. ते जुने दिवाळी अंक, गावातील संस्थांच्या स्मरणिका, बंद पडलेली नियतकालिके आणि समासात लिहिलेल्या टिपा यांत असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, तेव्हापासूनचे कितीतरी अंक रद्दीत गेले आहेत. ही सामग्री वेगळी काढून मराठी ग्रंथसंग्रहालयांना किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आधी विचारावे.

स्कॅन करून वाटण्याविषयी : १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहील. व्हॉट्सॲपच्या गटांवर हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, त्यांत आपण भर घालू नये. मराठी लेखकाचे मानधन मुळातच तुटपुंजे असते. हक्क संपलेले आणि इतरत्र न मिळणारे पुस्तक असेल, तर ते मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहाकडे किंवा एखाद्या संस्थेकडे द्यावे. तेथे ते नोंदीसह राहते.

तोपर्यंत पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नयेत, पावसाळ्यात कपाटाची दारे मधूनमधून उघडी ठेवावीत. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. त्याऐवजी अत्यंत पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने चिकटवावी आणि पान पूर्ण वाळेपर्यंत वजनाखाली ठेवावे.