विचारा, सांगते: इटलीतलं खेडं, आणि तेही गाडीशिवाय

प्रश्न: ताई, यंदा मे-जूनमध्ये नाहीतर दिवाळीच्या आसपास आई-बाबांना (वय 66 आणि 71) घेऊन इटलीला जायचं चाललंय. रोम-फ्लोरेन्स-व्हेनिसची पळापळ नको, एकाच खेड्यात आठवडाभर राहायचंय. तिकडे गाडी चालवायची नाही, आई पक्की शाकाहारी, आणि बाबा विचारतायत, "दिवसभर तिथे करायचं काय?"
– एक वाचक, नाशिक

उत्तर: गाडी नाही म्हणालात ना, मग निम्मं तिथेच ठरलं. फोटोत सुंदर दिसतात ती शेतातली घरं, अग्रितुरिस्मो म्हणतात त्यांना, ती आधी बाद करा. वाईट असतात असं नाही, पण 1985 च्या कायद्यापासून तिथे शेती हा मुख्य धंदा आणि खोल्या जोडधंदा असंच असावं लागतं, त्यामुळे ती खरोखरच रानात असतात आणि साधं दूध आणायलाही गाडी लागते. तुम्ही रेल्वे स्टेशन असलेलं गाव बघा. मी मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं स्पेल्लो सुचवेन. रोमहून फोलिन्योला या, तिथून पुढचंच स्टेशन. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड पक्का.

आता बाबांचा प्रश्न. सकाळी बारमध्ये (म्हणजे कॉफीचं दुकान हो, घाबरू नका) काउंटरपाशी उभ्यानं कॉफी घ्यायची, बसलात तर बरेचदा जास्त पैसे पडतात. मग भाजी, ब्रेड. ब्रेड अळणी लागेल, तिथे तसाच करतात, दुकानदाराशी वाद नको. दुपारी एक वाजला की शटर खाली, ते उघडणार साडेतीन-चारला, त्यामुळे झोपा, आपल्याला त्यात नवीन काय! संध्याकाळी सगळं गाव बाहेर पडतं. एखाद्या दिवशी रोमन काळातल्या पाणीपुरवठ्याच्या वाटेनं कोलेपीनो या खेड्याकडे निघा, पाय दमले की परत फिरा. सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पिंतुरिक्योनं 1501 च्या सुमारास रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. आणि संत फ्रान्सिसचं गाव अस्सीसी त्याच लाईनवर, अगदी जवळ.

आईंचं जेवण: नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. मसूर किंवा भाजीचं सूप शाकाहारी वाटतं पण फोडणीत डुकराची चरबी असू शकते, म्हणून दर वेळी विचारा. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध जमवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थानं) जमवतात, आईंना चालत नसेल तर किसून घालू नका असं आधीच सांगावं लागेल. स्त्रांगोत्सी नावाचा पास्ता टोमॅटो नाहीतर ट्रफल (चॉकलेट नव्हे, जमिनीखाली उगवणारी मशरूमसारखी बुरशी) घालून मिळतो, आणि तोर्ता अल तेस्तो म्हणजे तव्यावर भाजलेली जाड पोळी, ती पालेभाजी भरून मागा. तरी स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या, कास्तेल्लुच्चोचे बारीक मसूर मिळतात त्याची आमटी मस्त होते, फोडणीचं सामान मात्र इथून न्या.

कधी जायचं? कॉर्पस डोमिनी या ख्रिस्ती सणाच्या आदल्या रात्री (मे अखेर किंवा जून) इनफियोराता असतो, गावकरी रात्रभर जागून फुलांच्या पाकळ्यांनी रस्ते भरतात आणि सकाळी मिरवणूक त्यावरून जाते. त्याच्या आधी काही दिवस गेलात तर गल्ल्यांमध्ये म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून पाकळ्या सुट्या करताना दिसतात, आणि खरं सांगू, मला रात्रीच्या गर्दीपेक्षा तेच जास्त आवडतं. पण तुमच्यासाठी मी दिवाळीनंतरचं म्हणेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी चालते, झाडाखाली जाळ्या अंथरून फांद्या विंचरतात, आणि फळ शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर जातं. इथल्या मोरायोलो जातीचं ताजं तेल घशाला मिरीसारखं झोंबतं, बाबांना ठसका लागेल. ऑगस्ट मात्र नको, 15 तारखेच्या आसपास अख्खा देश सुट्टीवर असतो.

एक मात्र बघा, गाव पूर्ण चढावर आहे. खोली खालच्या, स्टेशनकडच्या वेशीजवळ घ्या आणि किती जिने आहेत ते बुकिंगआधीच विचारा, कारण त्या जुन्या दगडी घरांत लिफ्ट बहुतेक नसतेच.