वाचक विचारतात : वणवा आणि बाहेर पडण्याची वाट

प्रश्न : २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाईज गावात आणि आसपास वणव्याने ८५ बळी घेतले. गावाकडे स्थलांतराचा आराखडा होता म्हणतात. मग माणसं अडकली कशी?

उत्तर : आराखडा होता, आणि कागदावर वाईटही नव्हता. गावाचे विभाग पाडलेले होते; ज्याच्याकडे आग सरकेल तो विभाग आधी रिकामा करायचा, म्हणजे रस्ते तुंबत नाहीत. यात गृहीत धरलं होतं की आग एका बाजूने, टप्प्याटप्प्याने येईल. ८ नोव्हेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास पुल्गा या वस्तीजवळ विजेच्या मनोऱ्यावरचा, तार धरून ठेवणारा जवळजवळ शंभर वर्षांचा झिजलेला आकडा (हूक) तुटला आणि खालचं वाळकं गवत पेटलं. आठच्या सुमारास गाव पेटू लागलं होतं. सोसाट्याच्या वाऱ्याने जळते निखारे आगीच्या पुष्कळ पुढे नेऊन टाकले, त्यामुळे गावात एकाच वेळी अनेक ठिकाणी भडका उडाला. क्रम उरलाच नाही. २६ हजारांची वस्ती एकदम निघाली, आणि दक्षिणेकडे उतरायला रस्ते चारच. त्यातला मुख्य ‘स्कायवे’ बाजारपेठेत आधीच चार पदरांवरून दोनवर आणलेला. पुढे सगळे पदर उताराकडे जाणाऱ्यांसाठी सोडले, तरी बंद पडलेल्या गाड्यांनी वाट अडवलीच.

इशारे तर निम्मेशिम्मेच पोचले. फोनवरची सूचना नाव नोंदवलेल्यांनाच जायची, काही विभागांना ती गेलीच नाही, आणि टॉवरही जळाले. मृतांत बहुतेक जण ६५ च्या पुढचे होते.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर राहतो. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत. काय तयारी ठेवू?

उत्तर : तिथे स्थलांतराची ‘वॉर्निंग’ म्हणजे तयार राहा आणि ‘ऑर्डर’ म्हणजे आत्ता निघा. पण म्हातारी माणसं किंवा जनावरं घरात असतील तर वॉर्निंगलाच निघायचं. ऑर्डरची वाट बघू नका. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सूचनासेवेत घरातल्या प्रत्येक मोबाईलची नोंदणी करा, आई-बाबांच्याही. आपला झोन नंबर, म्हणजे स्थलांतराच्या विभागाचा क्रमांक, फ्रिजवर लिहून ठेवा.

गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पिशवीत पासपोर्ट, प्रवासविम्याचे कागद, निदान आठवड्याची औषधं, चष्मा, एन-९५ मास्क. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहतं आणि घाईत हमखास विसरतं, म्हणून पिशवीवरच चिठ्ठी चिकटवा. आईंना सिंथेटिक साडी नको; ती वितळून अंगाला चिकटते. जाड सुती कपडे आणि बंद बूट.

आणखी एक, गॅरेजचं दार. वीज गेली की दार उघडणारी मोटार चालत नाही. (जुलै २०१९ पासून तिथे दाराच्या नव्या मोटारींना बॅटरी सक्तीची आहे, जुन्यांचं काय, ते तुम्हीच बघा.) दार पूर्ण खाली असताना वरून लोंबणारी लाल मूठ ओढा, मग दार हाताने उचला. बाबांकडून हे एकदा करवून घ्या. दार उचलवेना इतकं जड लागलं तर स्प्रिंग बिघडली आहे; आजच दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : गाडीतच आगीने गाठलं तर?

उत्तर : झाडाझुडपांपासून लांब, मोकळ्या डांबरी जागेत थांबा. दिवे चालू, काचा आणि हवेच्या झडपा बंद. लोकरी ब्लँकेट पांघरून काचेच्या पातळीखाली वाका. बाहेर पळण्यापेक्षा गाडीत जास्त आडोसा मिळतो. ज्वाळांची लाट ओसरली की मगच उतरा. दाराची कडी तेव्हाही भाजते, फडक्याने धरा.