नवी बंदिश बांधताना आधी समेचं अक्षर ठरवा

प्रश्न असा आहे: ‘सांगलीत राहतो, विशारद झालोय, पेटीवर चाली सुचतात. शास्त्रीय बंदिशी रचायच्या तर सुरुवात कुठून करावी? आणि त्यावर पोट भरेल का?’

पोटाचं शेवटी बघू. आधी पेटी मिटा. पेटीवर सुचते ती चाल; बंदिश म्हणजे राग-तालात शब्दांसकट बांधलेली रचना. तिथे स्वर जागच्या जागी उभा असतो, बोटाला सोयीचं पडेल तिथे शब्द बसतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून कुठे जाणार हे ठरतच नाही. तानपुरा घ्या. मिरज शेजारी असताना तानपुरा नाही ही सबब सांगलीकराने तरी देऊ नये. बागेश्री बांधणार असाल तर पहिली तार मध्यमाला लावा, पंचमाला नको.

आता बागेश्रीच धरतो, कारण एका विद्यार्थ्याने आणलेली बंदिश समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अक्षरावर नेमकी बोलते. मध्यलय त्रिताल, सोळा मात्रांचा; उठाव खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून. शब्द होते ‘साँझ भई अब कृष्णातीर’. वाचायला छान, संगमावरची संध्याकाळ डोळ्यांपुढे येते. मात्रा मोजा: साँ ऽ झ भ ई ऽ अ ब, आठ झाल्या आणि सम आली ‘कृष्’वर. स्वर कुठला? मध्यम. बागेश्रीचा वादी, जिथे राग विसावतो ती जागा. आणि तिथे अक्षर असं की ऱ्हस्व स्वर, पाठोपाठ जोडाक्षर. गळा थांबणार कशावर? गाणारा ‘क्रीऽऽष्’ असं काहीतरी करतो आणि तबलजीने समेवर कितीही वजन दिलं तरी सम पडल्यासारखी वाटत नाही. पोराने तीन वेळा लय बदलून पाहिली. लयीचा काय दोष!

दुरुस्ती अशी: ‘साँझ भई अब तीर किसना के’. नदी तीच, पण आता समेवर ‘ती’ येतो, दीर्घ आणि मोकळा. स्वर असे: सां ऽ नि ध म ध नि ध, समेला म, पुढे ऽ ग म ग रे ऽ सा (ग आणि नि अर्थातच कोमल). ‘ती ऽ र कि स ना ऽ के’ आठव्या मात्रेला संपतं आणि नवव्याला मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा सुरुवातीचा तुकडा, पुन्हा हातात येतो. मुखडा असा हातात आला नाही तर आलाप किंवा तान घेऊन परतायचं कुठे?

अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, नेमकं हेच फसतं. पहिली ओळ म ध नि सां करत तार षड्जाला जाते, तिथे आकार, म्हणजे ‘आ’चं अक्षर, ठेवा. वर ‘इ’ ‘उ’ आले की आवाज चिमटतो. शेवटची ओळ आठव्या मात्रेलाच संपली पाहिजे. मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, घालायच्या नादात ती सोळाव्यापर्यंत लांबली की मुखड्याला जागाच उरत नाही. मुद्रा नसली तरी काही बिघडत नाही. बांधून झाली की काळी एक पट्टीच्या पुरुषाकडून आणि काळी चार पट्टीच्या बाईकडून गाऊन घ्या. तबलजीला काही न सांगता नुसता ठेका धरायला लावा. त्याला सम शोधावी लागली तर परत घरी.

‘जुन्या बंदिशी ढिगाने पडल्यात, नव्या कशाला?’ हे आपल्याकडचे काही परीक्षक अजूनही ऐकवतात. मोगल बादशहा महंमदशहा रंगीलेच्या दरबारात सदारंगांनी ख्याल बांधले तेव्हा ते नवेच होते. जगन्नाथबुवा पुरोहितांचा जोगकंस राग ‘गुनिदास’ मुद्रेच्या त्यांच्या बंदिशींनीच रुजला. त्यांचे शिष्य सी. आर. व्यास ‘गुनिजान’ म्हणून बांधत राहिले. रामाश्रय झा ‘रामरंग’ यांची ‘अभिनव गीतांजली’ चाळा, एकाच रागात किती तऱ्हेचे मुखडे होतात ते कळेल. नवी बंदिश रागाची न दिसलेली जागा दाखवत असेल तर ती हवीच. दाखवत नसेल तर मात्र वहीतच राहू द्या, परीक्षकांचं तेवढं बरोबर आहे.

मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते. तिथे कागद घेऊन बसा आणि प्रत्येक बंदिशीत सम कोणत्या अक्षरावर आली तेवढंच टिपा.

पोट? नुसत्या बंदिशींवर नाही भरत. शिकवण्या आणि कार्यक्रम यांवरच भागतं. हक्क मात्र तुमचा असतो: शब्द आणि स्वररचना दोन्हींवर, हयातभर आणि त्यापुढे 60 वर्षं. राग आणि ताल कुणाच्याच मालकीचे नाहीत. नोंदणी सक्तीची नाही, पण स्वरलेखनाच्या भातखंडे लिपीत तारखेसकट उतरवून ध्वनिमुद्रण करून ठेवा.

आणि हो, वरचं मोजमाप मध्यलय त्रितालापुरतं. विलंबित एकतालात मुखडा सहसा शेवटच्या एक-दोन मात्रांत गोळा होतो, तिथे हा हिशोब लावू नका.