कुऱ्हाडीचा दगड कुठल्या डोंगरातला?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. वस्तुसंग्रहालयात घासून गुळगुळीत केलेली एक काळी दगडी कुऱ्हाड पाहिल्यापासून तिने एकच धोशा लावलाय, ‘हा दगड कुठून आणला, ते मी शोधणार.’ असं शिक्षण खरंच असतं का? पुढे नोकरीचं काय? – एक आई, नेवासा

ताई, असं शिक्षण असतं. तिचा प्रश्नही अगदी नेमका आहे. त्यामुळे ‘हे खूळ डोक्यातून काढ’ असं मी तिला सांगणार नाही. फक्त या वाटेची सुरुवात पुरातत्त्वातून न करता भूशास्त्रातून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

का, ते सांगते. इंग्लंडच्या वायव्येला लँगडेलचे डोंगर आहेत. साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या अवघड कड्यांवरून ज्वालामुखी राखेचा कठीण दगड काढून कुऱ्हाडी घडवल्या जात. त्या पार देशाच्या पूर्व भागापर्यंत पोचल्या. हे समजलं ते सूक्ष्मदर्शकामुळे. कुऱ्हाडीचा छोटासा काप काढायचा, तो घासून 0.03 मिलिमीटर इतका पातळ करायचा, म्हणजे त्यातून प्रकाश आरपार जातो आणि खनिजांची घडण दिसते. ती डोंगरातल्या दगडाशी जुळवून पाहायची. आता कुऱ्हाडीला धक्का न लावता क्ष-किरणांनीही तिच्यातली मूलद्रव्यं मोजता येतात. पण आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला दगड कळावा लागतो.

आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे कर्नाटकात बळ्ळारीजवळचं संगनकल्लू. तिथे ग्रॅनाइटच्या टेकडीतून डोलेराइटची, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या कठीण दगडाची, काळी भिंत गेली आहे. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. नवाश्मयुगात लोक तिचा दगड फोडून कुऱ्हाडी घडवत. छिलक्यांचे ढीग आणि घासून खडकात पडलेल्या खाचा आजही तिथे आहेत. या भागातल्या अश्मयुगीन स्थळांची सुरुवातीच्या काळात नोंद करणारे रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले भूशास्त्रज्ञ होते, हे लेकीला जरूर सांगा. पुढे 1940च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बी. सुब्बाराव यांनी तिथे उत्खनन केलं.

आपल्याकडे काम जास्त अवघड आहे. नेवाशाच्या उत्खननातही डोलेराइटच्या कुऱ्हाडी सापडल्या, पण दख्खनच्या पठारावर जिकडे पाहावं तिकडे काळा दगडच. नुसत्या नजरेला एक डाइक दुसऱ्यासारखीच दिसते. मात्र सह्याद्रीतले लाव्हाचे थर भूशास्त्रज्ञांनी रासायनिक घटकांवरून वेगळे ओळखले आहेत. तीच नजर कुऱ्हाडींकडे वळवणारी माणसं हवी आहेत. मला तरी हे फार मोलाचं काम वाटतं.

आता वाट. बारावीनंतर भूशास्त्रात बी.एस्सी. पुण्यात फर्ग्युसन आणि मुंबईत सेंट झेवियर्समध्ये हा विषय आहे. रसायनशास्त्राचा कंटाळा करून चालणार नाही. मग एम.एस्सी. आयआयटीत करायची असेल, तर ‘जॅम’ परीक्षेत भूशास्त्राचा पेपर असतो. त्यानंतर डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्वात संशोधन.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगते. ‘कुऱ्हाडीचा दगड शोधणारा’ अशी जाहिरात निघत नाही. हे काम विद्यापीठात, संशोधनवृत्तीवर चालतं आणि तिथे जागा मोजक्याच असतात. पण भूशास्त्रातली एम.एस्सी. हाताशी असली की यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते, भूजल आणि खाणकाम क्षेत्रंही खुली राहतात. पुरातत्त्वाची वाट लांबली तरी घर चालेल. पहिली पदवी भूशास्त्रातच घ्या म्हणते, ते यासाठीही.

सुट्टीत तिला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घेऊन द्या. प्रवरेच्या पात्रातले दगड ती आणेलच. प्रत्येकावर क्रमांक घालून तो नेमका कुठे उचलला, हे त्याच दिवशी वहीत लिहायला सांगा.