ऑफिसातले पाच जण मिळून केरळचं ओणम बंपर घेतो. लागलंच तर पैशाचं काय करायचं?

प्रश्नकर्ते इंदूरचेच आहेत. ऑफिसातले पाच जण शंभर-शंभर रुपये काढतात, मल्याळी सहकारी अहिल्यानगरी एक्सप्रेसने गावी जातो आणि ओणम बंपरचं, म्हणजे केरळ सरकारच्या ओणमच्या मोठ्या लॉटरीचं, ५००चं एक तिकीट घेऊन परत येतो. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: हा वेडेपणा आहे का, आणि पहिल्या बक्षिसाचे २५ कोटी लागलेच तर पुढे काय, नोकरी सोडायची का. मी इंदुरात करसल्लागाराचं काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे.

पहिल्याचं उत्तर: वेडेपणा नाही, पण आशाही धरू नका. २०२४च्या ओणम बंपरची ७० लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. २०११च्या जनगणनेत आपल्या इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या साधारण ३२ लाख ७६ हजार होती. म्हणजे महू-देपालपूरपासून सांवेरपर्यंत, तान्ह्या बाळांसकट प्रत्येकाला दोन-दोन तिकिटं वाटली तरी काही लाख उरतील, आणि त्या अख्ख्या ढिगात पहिल्या बक्षिसाचं तिकीट एकच. शिवाय सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो, म्हणजे ५००पैकी जवळजवळ १४३ रुपये सोडतीआधीच सरकारजमा. तरीही वर्षाला माणशी शंभर रुपये म्हणजे छप्पन दुकानांवर खायला एकदा जाऊन येण्याइतकंही नाही. तेवढ्यात दोन महिने गप्पांना विषय मिळतो, तर मिळू द्या.

मला काळजी वाटते ती रोजच्या तिकिटांची. नागालँडच्या नावाने निघणारी सहा रुपयांची तिकिटं, दिवसातून तीन सोडती, पहिलं बक्षीस एक कोटी. सहा रुपये कोणाला जड वाटत नाहीत, म्हणून माणूस दहा घेतो, मग संध्याकाळच्या सोडतीत दुपारचे वसूल करायला वीस. वर्षातून एकदाच येणाऱ्या बंपरमध्ये हे दुष्टचक्र सुरू व्हायला जागाच नसते. पैसे लावून खेळायच्या मोबाइल गेम तर २०२५च्या कायद्याने बंदच झाल्या आहेत, तेव्हा कोणी 'लिंक पाठवतो' म्हणाला तर तिथेच थांबा.

आणि एक: आपल्याकडे लॉटरी फक्त राज्य सरकारच काढू शकतं, १९९८चा केंद्राचा कायदा तसा आहे. केरळने पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ला काढली, महाराष्ट्राची लॉटरी १९६९ची. केरळची तिकिटं कागदाचीच असतात आणि केरळातच विकायची असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'केबीसी लॉटरीत तुमच्या नंबरला २५ लाख लागले, आधी प्रोसेसिंग फी भरा' असं कोणी सांगितलं तर ती निव्वळ फसवणूक. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तुमचं पाच जणांचं तिकीट. इथे खरी गंमत आहे, आणि ती लागायच्या आधीची आहे.

तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. तुमच्या सहकाऱ्याच्या सज्जनपणावर मला शंका नाही, पण उद्या त्याने एकट्याच्या नावाने दावा केला आणि मग तुम्हा चौघांना वाटे पाठवले, तर आयकर खातं विचारेल की हे पैसे कशाचे. मित्राकडून वर्षात ५० हजारांच्या वर आलेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे एकाच पैशावर त्याने लॉटरीचा कर भरायचा आणि तुम्ही पुन्हा भेटीचा. म्हणून तिकीट हातात आलं की त्याच दिवशी दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाच जणांच्या ग्रुपवर टाका, खाली लिहा की हे तिकीट आपल्या पाच जणांचं, प्रत्येकी शंभर रुपये, वाटा समान. शंभर रुपये यूपीआयने पाठवा म्हणजे नोंद राहील. साध्या कागदावर पाच सह्या घेतल्यात तर आणखी बरं. आणि दावा करताना पहिल्या अर्जापासून पाचही नावं येऊ द्या.

हे होऊ शकतं, झालेलंही आहे. २०२३च्या जुलैत मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडीच्या ११ कचरावेचक बायकांनी वर्गणी काढून २५० रुपयांचं मान्सून बंपर घेतलं आणि त्यांना १० कोटी लागले. नऊ जणींचे पंचवीस-पंचवीस, आणि उरलेले पंचवीस दोघींनी साडेबारा-साडेबारा घातलेले. कोणाचे किती, हे त्यांना पैशापर्यंत ठाऊक होतं, ही मला त्या बातमीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला बक्षीस मिळतं का? मिळतं. २०२३चे २५ कोटी तमिळनाडूच्या चौघांना लागले, २०२४चे कर्नाटकातल्या मंड्या भागातल्या एका मेकॅनिकला. पण २०२३मध्ये ते तिकीट केरळबाहेर काळ्या बाजारात विकलं गेल्याची तक्रारही झाली होती. म्हणून तुमच्या सहकाऱ्याने तिकीट केरळात, अधिकृत दुकानातच घ्यावं आणि स्वतःचं रेल्वेचं तिकीट जपून ठेवावं.

लागलं तर पहिलं काम: तिकिटाच्या मागे नाव-पत्ता-सही, झेरॉक्स, आणि मूळ तिकीट बँकेच्या लॉकरमध्ये. देवघरात नको, कपाटात साड्यांखाली नको. केरळात सोडतीपासून ३० दिवसांत दावा करावा लागतो, पॅन आणि ओळखीचे कागद साक्षांकित करून लागतात. इंदुरात बसून दिवाळी होईपर्यंत थांबू या म्हणालात तर मुदत टळेल.

आता आकडे. पेपरात २५ कोटी छापून येतात, पण हातात ते कधीच येत नाहीत. आधी एजंटचं १० टक्के कमिशन जातं, उरतात साडेबावीस. त्यावर ३० टक्के टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) कापून हाती येतात १५ कोटी ७५ लाख. बहुतेक बातम्या इथे थांबतात आणि बरेच विजेतेही इथेच थांबतात. पण लॉटरीवरचा ३० टक्के हा नुसता मूळ दर झाला. त्यावर अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, आहे आणि त्या दोन्हींवर ४ टक्के उपकर. दोन कोटींच्या वरच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत अधिभार २५ टक्के, म्हणजे एकूण बरोबर ३९ टक्के. टीडीएस वजा जाता आणखी दोन कोटींवर रक्कम तुम्हाला आपणहून भरायची आहे, आणि तीही आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्याला. विवरणपत्र भरायच्या वेळी बघू, असं नाही. सगळं झाल्यावर उरतात सुमारे १३ कोटी ७२ लाख, पाच जणांत प्रत्येकी २ कोटी ७४ लाख.

दुसरं बक्षीस लागलं तर? ते एक कोटीचं असतं, अशी वीस असतात. कमिशन जाऊन नव्वद लाख, प्रत्येकी अठरा. तुमचा पगार धरूनही उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर अधिभार नाही, कर ३१.२ टक्के. हातात १२ लाख ३८ हजार. कॉलनीभर पेढे वाटून झाल्यावर एक बऱ्यापैकी गाडी येईल, एवढंच. लॉटरीच्या उत्पन्नातून कुठलीही वजावट मिळत नाही, विमा-पीपीएफ काही चालत नाही, आधी हरलेल्या तिकिटांचा खर्चही धरता येत नाही. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ हा विवरणपत्राचा फॉर्म भरतो, तो या वर्षी चालणार नाही, आयटीआर-२ लागेल.

पैसे आल्यावर काय करायचं याला माझं एकच उत्तर आहे: एकूण आकडा विसरा आणि त्याचे महिन्याला किती पडतात ते काढा. समजा एखाद्याला एकट्याला कमिशन वगैरे जाऊन एक कोटी लागले, दुसरं उत्पन्न नाही. कर, इथला कमी अधिभार धरून, ३४ लाख ३२ हजार. उरले ६५ लाख ६८ हजार. सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला ३८ हजार. व्याजातलं थोडं महागाईसाठी मुद्दलात ठेवायचं म्हटलं तर वीस-पंचवीस हजार. करोडपती म्हणून ज्याच्या घरी रांग लागते त्याची मिळकत निवृत्त बाबूच्या पेन्शनएवढी. हा हिशेब कागदावर लिहून घरात सगळ्यांना दाखवा, विशेषतः ज्यांना विजयनगरमधला फ्लॅट दिसायला लागलाय त्यांना.

इंदूरकरांना हे लांबून समजावून सांगायची गरज नाही. हुकुमचंद मिल ही इथली कापडगिरणी १९९२ला बंद पडली आणि कामगारांची देणी मिळाली ती २५ डिसेंबर २०२३ला, २२४ कोटी, सुमारे ४८०० कामगारांना. भागून बघा, सरासरी साडेचार लाखांच्या आसपास. त्यात आपली मराठी घरंही होती. तीसहून जास्त वर्षं ज्या पैशाकडे डोळे लावले तो आला तेव्हा कित्येक कामगार हयात नव्हते आणि वारस मोजायची वेळ आली. तो घामाचा पैसा होता, लॉटरीशी त्याची तुलना करणंही बरोबर नाही. पण एकरकमी पैसा दारात आला की घरात कोणकोणते प्रश्न उभे राहतात, ते नंदानगर-परदेशीपुऱ्याच्या गिरणी कामगार वस्तीत कोणालाही विचारा. (ज्यांच्या नावाची ती मिल, ते सेठ हुकुमचंद स्वतः कापसाच्या सट्ट्यातले बादशहा. या शहराला नशिबाच्या खेळाचं वावडं कधीच नव्हतं.)

म्हणून पहिले सहा महिने कराची रक्कम बाजूला काढणे आणि कर्ज फेडणे, एवढंच करा. घरकर्ज असेल तर ते, क्रेडिट कार्डाचं असेल तर आधी ते. बाकी पैसे मुदत ठेवीत आणि सरकारी ट्रेझरी बिलांत (सरकारला दिलेलं अल्पमुदतीचं कर्ज) पडू द्या. ट्रेझरी बिलं रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या वेबसाइटवरून घरबसल्या घेता येतात. बँकेतल्या ठेवीला विमा एका बँकेत एका माणसाला फक्त पाच लाखांचा आहे, तेव्हा अर्धा टक्का जास्त देते म्हणून सगळे पैसे एखाद्या लहान सहकारी बँकेत टाकू नका. आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रत्येकी तीस लाखांपर्यंत ठेवता येतात.

या सहा महिन्यांत माणसं येतील. २०२२ला तिरुवनंतपुरमच्या ज्या रिक्षावाल्याला २५ कोटी लागले, त्याच्या घरी मदत मागणाऱ्यांची इतकी रीघ लागली की त्याला स्वतःच्या घरी राहणं अवघड झालं, आणि तेव्हा पैसे अजून त्याच्या हातातही पडले नव्हते. पुढे केरळ सरकारने विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचा वर्ग सुरू केला तो उगीच नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात गोड बोलणारा प्लॉटवाला असेल. 'सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे, आत्ता डायरीवर (नुसत्या वहीतल्या नोंदीवर) घ्या, रजिस्ट्री नंतर होईल, भिया,' म्हणेल. डायरीवर काहीही घ्यायचं नाही. रेरा (बांधकाम नियामक) नंबर, टी अँड सीपीची (नगररचना खात्याची) मंजुरी आणि डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर बदलल्याचा आदेश), तिन्ही कागद हातात येईपर्यंत चहासुद्धा त्याच्या पैशाने पिऊ नका.

नातेवाईकांना द्यायचं असेल तर जरूर द्या, पण कायद्यातली एक गंमत बघून. मामाने भाच्याला पाच लाख दिले तर भाच्याला कर नाही. भाच्याने मामाला दिले तर मामाला कर लागतो, कारण मामाच्या 'नातेवाईकां'च्या यादीत भाचा येत नाही. काका-पुतण्याचंही तसंच. तेव्हा मामाला थेट देण्यापेक्षा आईला द्या, आई तिच्या भावाला देईल, दोन्हीकडे सूट आहे. फक्त ते देणं आईच्या मनाने आणि तिच्या खात्यातून होऊ द्या. बायकोच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज मात्र तुमच्याच उत्पन्नात जोडलं जाईल.

नोकरीचं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिलं बक्षीस लागलं तर तुमच्या वाट्याच्या २ कोटी ७४ लाखांचे सात टक्क्यांनी महिन्याला एक लाख साठ हजार होतात, तेही व्याजावरचा कर भरण्याआधी. चाळिशीत, शाळेत जाणारी दोन मुलं असताना यावर नोकरी सोडायला मी सांगणार नाही. पन्नाशीच्या पुढे असाल, घर स्वतःचं असेल आणि मुलं मार्गी लागली असतील तर वर्षभर थांबून सोडा. आणि दुसरं बक्षीस असेल तर सोमवारी वेळेवर ऑफिसात जा.